बिनबाळाची बाळंतीण

“बाळ कुठाय मग? दाखवा ना मला, बाळ कुठाय!” तुळसाने डोक्यावरचा हंडा पडवीत असा आदळला की निम्मं पाणी तिच्याच पायांवर सांडलं. “बाळ नाय, पाळणा नाय, पाचवी पुजलेली नाय. शेगडी मात्र सकाळपासून धुमसतेय!”

“बाळ नाय म्हणून बाळंतीण नाय, असा कोणी सांगितलान तुला?” सासू, जनाबाई, चुलीपुढून हलल्या नाहीत. फुंकणी तोंडाला लावलेली होती, ती फक्त बोलण्यापुरती बाजूला झाली.

“दवाखान्यात सांगितलानी. आजारी हाय म्हणाले. बाळंत झाली असा म्हणाले काय?”

“पोट उघडून गर्भ काढलानी तिचा. मग ती बाळंत नाय तर काय झाली? पायात काटा मोडलान तिच्या?”

“आणि माझ्या वेळेला कुठं होती ही शेगडी?” तुळसाचा आवाज आता चढला. “तिसऱ्या वेळेला सव्वा महिना भरूसुद्धा दिला नाय मला. लावणी आली म्हणून आधीच विहीर पुजून मोकळ्या झालात. पोरगा ओटीवर रडतोय आणि मी चिखलात उभी.”

“तेव्हा तुझे सासरे होते. माझा कोण ऐकत होता?”

“आता तुमचा ऐकतात ना? मग आता सांगा, पानी कोणी आणायचा?”

खरा प्रश्न हा होता, आणि तो तुळसाने शेवटाला काढला. घर कातळाच्या सड्यावर आणि विहीर खाली, घाटी उतरून. घाटी म्हणजे चिऱ्यात खणलेल्या उंच पायऱ्या; रिकाम्या हाताने चढणारा माणूससुद्धा मधल्या फणसाखाली श्वास घ्यायला थांबतो. दोघी जावा मिळून घरचं, गुरांचं सगळं पाणी आणायच्या. आता ते एकटीच्या मानेवर आलं होतं.

पाण्याचा आणि बाळंतिणीचा त्या घरात जुना नियम होता. बाळंतिणीने सव्वा महिना विहिरीला शिवायचं नाही. मग एक दिवस हळदकुंकू, तांदूळ, नारळ घेऊन जायचं, विहिरीची ओटी भरायची आणि पहिली कळशी घरी आणायची. विहीर पुजली की बाळंतपण संपलं; त्याच दिवसापासून पाण्याच्या खेपा पुन्हा तिच्या वाट्याला.

माजघराच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा होता. त्यामागे खाटेवर धाकटी जाऊ हौसा डोळे मिटून पडली होती. भांडण तिच्यावरून चाललं होतं, पण तिला कोणी काही विचारत नव्हतं. विचारलं असतं तर तिने तुळसाच्या बाजूने कौल दिला असता. बाळंतीण हा शब्दच तिला नको झाला होता. लेकीच्या, शेवंतीच्या वेळी, माहेरी, तिने तो शब्द कौतुकाने ऐकला होता. तेव्हा कुशीत काहीतरी वळवळत होतं. आता कुशीत उशी होती, खोकताना पोटाशी दाबून धरायला.

झालं होतं ते असं. तिचा नवरा शिवा मुंबईला एका छापखान्यात कामाला. गणपतीला आला, विसर्जन करून गेला. भात कापायला आलं तेव्हा हौसाला दिवस गेल्याची शंका होती. सासूला सांगितलं होतं, जावेला नाही. दिवाळीच्या तोंडावर कापणी चालू असताना पोटात एका बाजूला अशी कळ आली की विळा हातातून सुटला. मग खांदा दुखायला लागला, डोळ्यांपुढे काळं आलं आणि ती भाताच्या पेंढ्यांवर आडवी झाली. मोठ्या दिराने, तुळसाच्या नवऱ्याने, रामाने बाजूच्या वाडीतून जीप आणली. रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि सरळ टेबलावर घ्या म्हणाल्या. गर्भ पिशवीत न बसता नळीतच वाढला होता, नळी फुटून पोटात रक्त साठलं होतं. ती नळी काढून टाकावी लागली. रक्त दोन माणसांचं चढवलं, त्यातलं एक रामाचं.

तार गेली, शिवा आला. खाटेशी उभा राहिला. शेवटी म्हणाला, “तू राहिलीस. बास.” आणि बाहेर जाऊन विडी ओढून आला. रजा संपली तसा गेला.

“गर्भ वाट चुकला गो,” जनाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. “घर समोर होता नि वाटेतच बसला बिचारा.” त्यांच्या मते एवढं कळलं म्हणजे सगळं कळलं. गर्भ होता, तो गेला, बाईचं पोट रिकामं झालं. रिकाम्या पोटात वारा शिरतो. म्हणून पोट बांधायचं, तेल जिरवायचं, शेकायचं. याला बाळंतपण म्हणतात. बाळ असणं-नसणं हा निराळा भाग.

टाके काढून हौसा घरी आली त्या दिवसापासून त्यांनी तिला ताब्यात घेतलं. सकाळी नारळाचं कोमट तेल, मग न्हाणीत कढत पाणी, मग खाटेखाली निखाऱ्याची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा पडायच्या, धूर लुगड्यातून वर यायचा. आणि शेवटी नऊवारीची पट्टी पोटावरून अशी आवळायच्या की हौसाला श्वास वरच्यावर घ्यावा लागायचा.

“आई, जखमेवर नको तेल.”

“जखम बुजली गो. दोरा काढलानी ना? दोरा काढलान म्हणजे बुजली.”

“दुखतंय.”

“दुखतंय म्हणजे वारा निघतोय.”

ज्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात कोणी गरम पाणी दिलं नाही, ती आता सुनेला इतक्या जिव्हाळ्याने चोळते आहे, तिला नको कसं म्हणायचं? हौसाला ते जमलं नाही. जखमेच्या खालच्या टोकाला लाली आली, ती तिने पदराखाली ठेवली. संध्याकाळी अंगात कणकण यायला लागली. जनाबाई म्हणाल्या वारा लागला; दोन्ही वेळा शेकायला लागल्या. हौसाला जेवण जाईना. शेवंती जवळ आली तर तिचे हातही गार लागायचे.

“बाळंतीणबायचा मुखडा बघा कसा लाल झालाय,” तुळसा पडद्यातून डोकावून म्हणायची. “शेक मानवलान हां!”

“मला बाळंतीण म्हणू नका, वैनी.”

“मी कुठं म्हणतेय? तुझी सासू म्हणतेय. मी म्हणतेय, उठ नि भाकरी थाप.”

पण ज्या तुळसाला बाळंतीण मान्य नव्हती, तिनेच दुखणं ओळखलं. धुणं तिच्याकडे होतं. विहिरीच्या दगडावर एक दिवस तिने पोटाची पट्टी उलगडली आणि हात तिथेच थांबला. पिवळा डाग होता, मधे तांबूस कडा. तिने नाकाशी नेला. मग बाकीचं धुणं तसंच दगडावर टाकून ती घाटी चढून आली. वाटेत फणसाखाली थांबलीसुद्धा नाही.

“हौसे, पदर काढ.”

“काय झालं?”

“पदर काढ म्हणते ना!”

पट्टी सोडली तर जखमेचं खालचं तोंड उघडलं होतं आणि पू वाहत होता. जनाबाई तेलाची वाटी घेऊन येतच होत्या. तुळसाने ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“आई, हे बाळंतपण नाय. हा पू हाय. आधी बाजूला व्हा.” आणि पडवीकडे वळून ओरडली, “अहो! कलमांचं पानी राहू दे. गाडी आणा!”

कलमं हा रामाचा जीव होता. घरामागच्या कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, माती भरून त्याने हापूसची कलमं लावली होती. दिवाळी झाली की रोज सकाळी-संध्याकाळी तो विहिरीवरून कावडीने पाणी आणून एकेका कलमाच्या बुंध्याशी घालायचा. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना डबे. त्या दिवशी त्याने भरलेली कावड वाटेतच ठेवली आणि धावत गेला.

डॉक्टरीणबाई देशावरच्या होत्या, मोकळ्या आवाजाच्या. जखम बघितली, वास घेतला, आणि खाटेशी उभ्या असलेल्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

“तेल कुणी लावलं?”

तुळसाने सासूकडे बघितलं.

“भाजल्यासारखी कातडी झालीय इथं. शेकलंय का?”

“मी,” जनाबाई म्हणाल्या.

“कशासाठी?”

“बाळंतीण म्हणून.”

डॉक्टरीणबाई काहीतरी तोडून बोलणार होत्या. म्हातारीच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं. ते पदराचं टोक गुंडाळत होते. त्या थांबल्या. मग साध्या आवाजात म्हणाल्या, “आजी, ही जखम आहे. ओल आणि ऊब मिळाली की ती नासते. आता मला ती उघडावी लागेल. आणि उघडीच ठेवावी लागेल.”

“शिवणार नाय?”

“वरून शिवली तर आत पुन्हा पू साठेल. रोज आतून साफ करायची, औषधाची पट्टी भरायची. ती तळातून भरत भरत वर येईल. वेळ लागेल.”

जनाबाईंनी यावर मान हलवली. दवाखान्यातलं तेवढं एकच बोलणं त्यांना पटल्यासारखं दिसलं.

आत पट्टी भरायची म्हणजे काय ते हौसाला दुसऱ्या मिनिटाला कळलं. सिस्टर चिमट्याने कापडाची लांब पट्टी जखमेत सारायची आणि दुसऱ्या दिवशी ती ओढून काढायची. पहिल्या दिवशी हौसाने खाटेची लोखंडी दांडी धरली आणि दात आवळले. सिस्टर म्हणाली, “ओरड बाई, इथे कोण तुला नावं ठेवतंय?” तेव्हा ती ओरडली. आश्चर्य म्हणजे बरं वाटलं. ऑपरेशन झाल्यापासून ती एकदाही मोठ्याने रडली नव्हती. आता रोज सकाळी पट्टी निघताना ती रडून घ्यायची. कशासाठी रडतेय ते विचारायचं कोणाला कारण नव्हतं. आठवडाभरात ताप उतरला, भूक लागली, आणि रडू हळूहळू कमी होत गेलं.

वॉर्डातून सोडलं तरी एक दिवसाआड पट्टी बदलायला यायचं होतं. रामाला कलमं, तुळसाला पाणी. म्हणून सोबतीला जनाबाई. सकाळच्या एसटीने दोघी यायच्या. जनाबाई खिडकीकडे तोंड करून बसायच्या. शेगडी त्यांनी धुऊन, पुसून माळ्यावर टाकली होती. ओव्याची पुरचुंडी कोणाला तरी देऊन टाकली. घरात कोणी काही विचारलं तर म्हणायच्या, “तुळसाला विचारा. मला काय कळतंय?”

तुळसाला हे सुख मानवायला हवं होतं. पण ती दोनच दिवसांत कंटाळली. “आमची म्हातारी भांडतच नाय,” तिने हौसाजवळ तक्रार केली. “मीठ जास्त झालान तरी गप खाते. घरात कोणी गेल्यासारखा वाटतंय गो.”

एका दिवशी पट्टी लवकर बदलून झाली. परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर बसायला जागा नव्हती, आणि हौसा म्हणाली, “आई, मांडवीला जाऊया?”

“कशाला?”

“समुद्र बघायला.”

“समुद्रात काय बघायचा? पानीच ना?” पण त्या उठल्या.

रिक्षाने गेल्या. मांडवीच्या बंधाऱ्यावर दोघी बसल्या. ओहोटी होती, काळी वाळू चमकत होती, दोन बायका वाकून शिंपल्या वेचत होत्या. हौसाला लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. रत्नागिरीला ती बाजाराला आली होती, दवाखान्यात आली होती, शिवाला गाडीवर पोचवायला आली होती. समुद्रापुढे काही काम नसताना बसली नव्हती. गार वारा होता आणि कोणी वारा लागेल म्हणत नव्हतं.

“आई, माझे पाय गार पडतात.”

जनाबाईंनी पदर कानावर ओढून घेतला.

“संध्याकाळी फार पडतात. पहिल्या वेळेला माझी आई पायाखाली शेगडी ठेवायची.”

“मी शेगडी पेटवणार नाय.”

“पोटाला नको. पायांना.”

“नाय म्हणते ना!” म्हातारीचा आवाज फुटला. “माझ्या हातानं सडवलाय तुझा पोट. त्या डॉक्टरनीनं शिव्या दिल्या असत्या तर बरा झाला असता. आजी म्हणाली मला.”

क्षमा वगैरे शब्द हौसाच्या तोंडी कधी बसले नव्हते. तिने पिशवीतून केळी काढली, एक सोलून सासूच्या हातात दिली. दोघींनी केळी खाल्ली. मग हौसा म्हणाली, “त्या दिवसांत घरात मला बाळंतीण म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. मला तेव्हा आवडत नव्हतं. पण बाकीचे सगळे काही झालंच नाही असं वागत होते. होतं ना आई काहीतरी? दिवाळीपर्यंत तरी होतं.”

“होता तर,” जनाबाई म्हणाल्या. “होता म्हणून तर गेला.”

पुढच्या खेपेला हौसाने डॉक्टरीणबाईंना विचारलं, पाय शेकले तर चालेल का? त्या हसल्या. “पाय शेका, डोकं शेका. पोटाला मात्र सासूने हात लावायचा नाही.” जनाबाई दाराशी उभ्या होत्या. “नाय लावत हो,” त्या कोणी न विचारताच म्हणाल्या. त्या संध्याकाळी शेगडी माळ्यावरून उतरली. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ जास्त आहे म्हणून तुळसाला बोलणी बसली, आणि तुळसाने चूल सारवता सारवता उलट उत्तर दिलं. घर पुन्हा रुळावर आलं.

ते दिवस हौसाला सुखाचे गेले, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. जखम तळातून भरत होती. सिस्टर दर खेपेला पट्टी थोडी आखूड घ्यायची. घरी ती बसून करता येईल ते करायची. कुळीथ निवडायचे, आमसुलं पसरायची, तुळसाच्या मुलांचे पाढे घ्यायचे. शेवंतीच्या केसांतल्या उवा इतक्या वर्षांत प्रथमच नीट काढून झाल्या. संध्याकाळी पायाशी शेगडी, शेजारी सासू, ओव्याचा वास. एक दिवसाआड मांडवी. जनाबाईंना आता समुद्राची चटक लागली होती, भरती असेल तर म्हणायच्या, “आज जरा बरा दिसतोय.” डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं होतं की दुसरी नळी चांगली आहे. पुढे मूल हवं असेल तर होईल, फक्त दिवस राहिल्याची शंका आली की लगेच दाखवायला यायचं. हौसाने ते ऐकून घेतलं आणि मागे ठेवून दिलं. तिला सध्या फक्त पोट बुजायला हवं होतं.

जखम वरपर्यंत आली, आणि त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवर झोपवून मान उचलायला सांगितली, मग खोकायला. खालच्या टोकाशी बोटं ठेवली.

“इथे हात लाव. खोक.”

हौसाच्या बोटांखाली काहीतरी पुढे आलं आणि मागे गेलं, लिंबाएवढं, मऊ.

“आतला थर इथे कच्चा राहिलाय. जोर पडला तर आतडं पुढे येईल, मग पुन्हा टेबलावर. तुमच्याकडे पाणी कुठून आणता?”

हौसाने घाटी सांगितली.

“शिमगा होईपर्यंत हंडा, कळशी, काही नाही. मी बघेन, मग बोलू. घरी सांग.”

घरी जनाबाईंनी सांगितलं. पण आरोग्यावर बोलायचा त्यांचा अधिकार त्या पू लागलेल्या पट्टीबरोबर गेला होता. रामा मान हलवून म्हणाला, “डॉक्टर सांगतातच. सगळंच ऐकत बसला तर माणूस खाटेवरच राहायचा.” तो वाईट माणूस नव्हता, स्वतःचं रक्त देऊन आला होता. त्याला फक्त वरून बुजलेली जखम दिसत होती. दुसऱ्या दिवशी खेप आणताना तुळसाने हंडा उतरवला आणि मान दोन्ही बाजूंना वळवून बघितली, तेव्हा हाड वाजलेलं माजघरापर्यंत ऐकू आलं.

त्या दुपारी घरात कोणी नसताना हौसाने न्हाणीतली अर्धी कळशी उचलून बघितली. कमरेपर्यंतच. जखमेच्या टोकाशी ओढ बसली आणि बोटांना ते लिंबू लागलं. तिने कळशी खाली ठेवली आणि पायरीवर बसून राहिली. एकीची मान जाते आहे. आपण गेलो तर आपलं पोट जाईल. आणि डॉक्टरचं या घरात चालत नाही. काय चालतं?

रविवारी सकाळी पेजेला सगळे चुलीपुढे होते. रामा नुकताच कलमांना पाणी घालून आला होता. कावड पडवीच्या खांबाला टेकलेली होती, डब्यांतून अजून थेंब पडत होते. जनाबाई वाढत होत्या. तुळसाने पेजेचा वाडगा खाली ठेवला.

“सव्वा महिना होऊन गेला. तुमचीच बाळंतीण, तुमचाच हिशेब. आता उद्या नारळ आणा, विहीर पुजूया, आणि घेऊ दे तिला हंडा.”

“तिला उचलायचा नाय,” जनाबाई म्हणाल्या.

“कोण म्हणतो?”

“डॉक्टरनी.”

“मघापर्यंत बाळंतीण होती. आता पुन्हा आजारी झाली काय? एक काय ते ठरवा. आजारी तर आजारी, बाळंतीण तर बाळंतीण. मला मान एकच हाय.”

“छोटी कळशी घेईल गो,” रामा मधेच म्हणाला. “हळूहळू सवय होईल.”

जनाबाई हौसाकडे बघायला लागल्या. त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

हौसाने वाडगा रिकामा केला, बोटं चाटली आणि पाट मागे सारला. पोटाला हात लावून ती सावकाश उठली.

“मी बाळंतीणच हाय, वैनी,” ती म्हणाली. दवाखान्यातून आल्यापासून तिने तो शब्द स्वतःला प्रथमच लावला. “आई पहिल्यापासून म्हणत होत्या, मीच ऐकत नव्हते. आणि बाळंतिणीनं विहीर पुजल्याशिवाय पाण्याला शिवायचं नसतं.”

“मग पुजूया म्हणतेय ना!”

“तुमची विहीर लावणीसाठी लवकर पुजली. तेव्हा दिवस पुढेमागे करता आला. तर आता माझ्यासाठीही करता येतो.”

तुळसाने खाली ठेवलेला वाडगा पुन्हा हातात घेतला. हे तिचंच बोलणं होतं, आणि इतक्या वर्षांत या घरात कोणी ते खरं म्हणून मोजलं नव्हतं.

“तुमच्यावर तेव्हा अन्याय झाला,” हौसा म्हणाली, “आणि आताही मान तुमचीच मोडतेय. म्हणून भावोजी, कावड रोज कलमांवर जाते ती आधी घरात येईल. सकाळच्या दोन खेपा घरच्या, मग कलमं. कलमं एक तासानं प्यायली तर मरत नाहीत.”

“मी? घरचं पानी?” रामाने पडवीकडे बघितलं, जणू कावडीने काहीतरी सांगावं. “वाडीतली माणसं काय म्हणतील?”

“डबे तेच, विहीर तीच, घाटी तीच,” तुळसा म्हणाली. तिचा आवाज आता निराळाच लागला. “माणसांना काय कळणार हाय, कलमांना चाललाय की चुलीला?”

जनाबाईंनी पळी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, ते चुलीच्या उजेडात नीट कळलं नाही.

हौसा पडद्यापाशी जाऊन वळली.

“माझी विहीर शिमगा झाल्यावर पुजायची,” ती म्हणाली. “नारळ तेव्हा आणा.”